19 विजय, 31 पराभव: वॉशिंग्टन नॅशनल्सचा 2019 चा हंगाम कसा फिरला

तुमचा प्रश्न असा आहे: 2019 मध्ये वॉशिंग्टन नॅशनल्स या अमेरिकन बेसबॉल संघाने पहिल्या पन्नास सामन्यांपैकी फक्त 19 जिंकले होते, मग तोच संघ ऑक्टोबरअखेर वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम मालिका, कसा जिंकला? याला नशीब म्हणायचं का? आणि तुमची मुलगी ज्या कॉलेजकडून सॉफ्टबॉल खेळते त्या संघाची सध्या अशीच पडझड चाललीय, तर त्यांना यातून काही घेता येईल का?

मी बावीस वर्षं मुलामुलींना सॉफ्टबॉल आणि बेसबॉल शिकवतोय. या एका हंगामावर मी माझ्या पोरांशी जितकं बोललोय तितकं दुसऱ्या कशावरही बोललो नसेन, म्हणून उत्तर लांबणार आहे.

आधी सरळ सांगतो. त्या संघाचा एक भाग मे महिन्यात कच्चा होता आणि सप्टेंबर संपेपर्यंत तो कच्चाच राहिला. ऑक्टोबरमध्ये त्यांनी काय केलं, तर तो कच्चा भाग खेळातून जवळजवळ बाहेर ठेवला. हे 162 सामन्यांच्या हंगामात करता येत नाही, पण प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, करता येतं. बाकीच्या गोष्टी, म्हणजे जिद्द, एकी, डगआउटमधला (संघाच्या बाकांजवळचा) नाच, या खऱ्या आहेतच. पण त्यांना जागा मिळाली ती या एका निर्णयामुळे.

आता कच्चा भाग कोणता ते बघू. बेसबॉलमध्ये सामना सुरू करणारा पिचर (म्हणजे गोलंदाज), ज्याला स्टार्टर म्हणतात, तो साधारण पाच-सहा इनिंग टाकतो आणि मग पुढचे चार दिवस तरी त्याचा हात विश्रांती घेतो. त्याच्यानंतर येणारे जे पिचर, म्हणजे रिलीव्हर, ते मैदानाच्या कडेला वेगळ्या जागेत बसतात आणि तिथेच हात गरम करतात. त्या जागेला बुलपेन म्हणतात, आणि त्या पिचरांच्या ताफ्यालाही बुलपेनच म्हणतात. नॅशनल्सकडे सामना सुरू करणारे तीन पिचर असे होते की कुठल्याही संघाला हेवा वाटावा: मॅक्स शर्झर, स्टीफन स्ट्रासबर्ग आणि त्याच हंगामाआधी सहा वर्षांच्या करारावर आणलेला डावखुरा पॅट्रिक कॉर्बिन. त्या वर्षी तिघांनीही प्रत्येकी 230 हून जास्त फलंदाज स्ट्राइकआउट केले, म्हणजे तीन स्ट्राइकवर आउट केले. चौथा अनिबाल सांचेझ, वेग कमी पण डोकं तल्लख. फलंदाजीत अँथनी रेन्डन होता, त्याने त्या मोसमात 126 रन आणले. आणि वीस वर्षांचा हुआन सोटो.

पण बुलपेन? नियमित हंगामात त्यांच्या बुलपेनची सरासरी नऊ इनिंगमागे, म्हणजे पूर्ण सामन्यामागे, 5.66 रन होती. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर पहिल्या चाळीस ओव्हर तुमचे गोलंदाज समोरच्याला जखडून ठेवतात आणि शेवटच्या दहात सगळं वाहून जातं, असा प्रकार.

मे महिन्यातली न्यूयॉर्कची मालिका याचा नमुना आहे. तिथल्या मेट्स संघाने त्यांना चारपैकी चारही सामन्यांत हरवलं. शेवटच्या दोन सामन्यांत आठव्या इनिंगपर्यंत नॅशनल्स पुढे होते, आणि दोन्ही वेळा आठव्या इनिंगमध्येच तीन रनांचा होमरन (कुंपणापार फटका, त्यावर बेसवरचे सगळे घरी येतात) बसला आणि सामना गेला. 23 मे रोजी हिशोब झाला 19-31. मॅनेजर डेव्ह मार्टिनेझला त्या दिवशी पंचांशी वाद घातल्याबद्दल मैदानाबाहेर काढलं होतं. पिचिंग कोचला मेच्या सुरुवातीलाच काढून पॉल मेनहार्टला आणलं होतं. वर्तमानपत्रांतून मार्टिनेझची नोकरी जाणार अशा बातम्या रोज येत होत्या.

आता एक गोष्ट बघा. 19-31 हा आकडा बघून आपण म्हणतो की संघ वाईट आहे. कोचने तो आकडा सोलून बघायचा असतो. त्या पन्नास सामन्यांत ट्रे टर्नर, म्हणजे त्यांचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) आणि पहिला फलंदाज, एप्रिलच्या सुरुवातीला बंट करायला (चेंडू बॅटने हलकेच टेकवायला) गेला आणि चेंडू बोटावर बसून बोट मोडलं. तो सहा आठवडे बाहेर. रेन्डनचं कोपर, सोटोची पाठ, रायन झिमरमनचं पाऊल, सगळी दुखणी त्याच काळातली. म्हणजे मधली फळी अर्धी बाकावर आणि शेवटच्या इनिंगमध्ये गळती. यातली दुखणी बरी होणार होती. गळती राहणार होती. मार्टिनेझ आणि जनरल मॅनेजर माइक रिझो यांनी हे ओळखलं. त्यांनी संघ मोडला नाही, चांगले खेळाडू विकून पुढच्या वर्षाची तयारी सुरू केली नाही. त्यासाठी मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो, कारण मे महिन्यात ते करणं सोपं होतं आणि कुणी नावं ठेवली नसती.

मार्टिनेझचं सांगणं एवढंच असे की आजचा दिवस 1-0 करा, म्हणजे फक्त आजचा सामना जिंका. उद्या परत शून्यापासून. पुढच्या 112 सामन्यांत ते 74 जिंकले आणि 38 हरले. एकूण 93-69. आपल्या गटात अटलांटाच्या मागे दुसरा क्रमांक, म्हणजे थेट प्रवेश नाही, पण वाइल्ड कार्डचा, म्हणजे हरलात तर बाहेर असा, एक सामना खेळायचा हक्क.

या मधल्या चार महिन्यांत मला दोन-तीन प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. 18 जूनला शर्झर बंटचा सराव करत होता, चेंडू बॅटला लागून उलटा त्याच्या चेहऱ्यावर आला आणि नाक मोडलं. दुसऱ्या दिवशी डोळ्याभोवती काळंनिळं झालेलं, तशा अवस्थेत तो फिलाडेल्फियाविरुद्ध उतरला. सात इनिंग, एकही रन नाही, दहा स्ट्राइकआउट. मुंबईच्या मैदानांवर ज्याला खडूस म्हणतात तो हा माणूस.

दुसरा प्रसंग 3 सप्टेंबरचा. पुन्हा मेट्स. नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगच्या खालच्या अर्ध्यात (यजमानांच्या फलंदाजीत) नॅशनल्स 4-10 असे मागे. सहा रन हवेत, आणि तेही फक्त बरोबरी करायला. लोक घरी निघालेले. त्या इनिंगमध्ये त्यांनी सात रन काढले, शेवटचे तीन कॅचर कर्ट सुझुकीच्या होमरनवर, आणि सामना 11-10 असा जिंकला. मुलांना मी हा सामना सांगतो तेव्हा होमरनवर थांबत नाही. सहा रन मागे असताना एकाने तरी पहिल्याच चेंडूवर मोठा फटका मारायचा हव्यास धरला असता तर ती इनिंग तिथेच संपली असती. हिट मिळेल तो घ्या, पुढच्याच्या हातात बॅट द्या, हे ते करत गेले.

तिसरा म्हणजे हेरार्दो पारा. दुसऱ्या संघाने सोडलेला खेळाडू मे महिन्यात आला. जूनमध्ये त्याची बॅट चालेना, तेव्हा त्याने फलंदाजीला जाताना वाजणारं आपलं गाणं बदललं आणि आपल्या छोट्या मुलीचं आवडतं बालगीत लावलं. पुढे पूर्ण स्टेडियम त्या गाण्यावर हात जोडून-उघडून टाळ्या वाजवू लागलं. तो संघ वयाने लीगमधला सर्वांत थोराड संघ होता. तिशी उलटलेली माणसं डगआउटमध्ये नाचायला लागली. यावर मी हसत नाही. दीडशे सामन्यांच्या प्रवासात माणसाला रोज मैदानावर यावंसं वाटणं ही फार मोठी गोष्ट असते, आणि ती एका बदली खेळाडूने आणली.

सप्टेंबरच्या मध्यात मार्टिनेझला सामना चालू असताना छातीत दुखू लागलं, रुग्णालयात न्यावं लागलं, हृदयाची तपासणी झाली. काही दिवसांत तो परत आला. हंगामाचे शेवटचे आठही सामने नॅशनल्स जिंकले. त्यातले पहिले पाच फिलाडेल्फियाविरुद्धचे. फिलाडेल्फियात ब्राइस हार्पर होता, जो सात मोसम वॉशिंग्टनचा चेहरा होता आणि त्याच वर्षी 13 वर्षांच्या, 33 कोटी डॉलरच्या करारावर तिकडे गेला होता. ज्या दिवशी नॅशनल्सची जागा पक्की झाली, त्याच दिवशी फिलाडेल्फियाची आशा संपली.

आता ऑक्टोबर. इथे तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे.

नियमित हंगामात सहा महिने जवळजवळ रोज सामना असतो. त्यामुळे पाच स्टार्टर आणि सात-आठ रिलीव्हर, सगळ्यांना वापरावंच लागतं. तुमचा अकरावा पिचर वाईट असेल तर तो आठवड्यातून दोनदा तरी उघडा पडणार. प्लेऑफमध्ये मधे प्रवासाचे, विश्रांतीचे दिवस असतात. चार स्टार्टर पुरतात. आणि ज्या स्टार्टरची आज पाळी नाही तो एका इनिंगपुरता येऊ शकतो. नेहमीही स्टार्टर दोन सामन्यांच्या मधे एकदा सरावासाठी मोजके चेंडू टाकतोच. मार्टिनेझ आणि मेनहार्टनी ठरवलं की ते चेंडू सरावात कशाला, सामन्यातच टाकू दे. मग बुलपेनमधून विश्वासाची माणसं फक्त दोन लागतात: डॅनियल हडसन, जो 31 जुलैला आणला होता, आणि डावखुरा शॉन डूलिटल.

1 ऑक्टोबर, वाइल्ड कार्ड, मिल्वॉकीविरुद्ध. शर्झरने सुरुवातीलाच दोन होमरन दिले, 0-3. नॅशनल्सनी एक रन परत मिळवला. शर्झर पाच इनिंगनंतर थांबला आणि सहाव्या इनिंगला बुलपेनचं दार उघडून कोण आलं? स्ट्रासबर्ग. मेजर लीगच्या नियमित हंगामात जो माणूस कधी रिलीव्हर म्हणून आला नव्हता, तो तीन इनिंग टाकून गेला, रन शून्य. फलक तिथे 1-3 असाच गोठून राहिला. लोकांना आठव्या इनिंगमधला सोटोचा हिट आठवतो. मला आठवतात त्या आधीच्या तीन इनिंग. मे महिन्याचा बुलपेन तिथे आला असता तर आठव्या इनिंगला फलक 1-6 दिसला असता आणि सोटोचा हिट कुणाच्या लक्षातही राहिला नसता.

आठव्यात मिल्वॉकीचा जॉश हेडर आला, त्या काळातला सर्वांत अवघड रिलीव्हर. एकाला चेंडू लागून बेस मिळाला, झिमरमनची बॅट मोडली तरी चेंडू पलीकडे पडला, रेन्डनने वॉक घेतला (चार बाहेरचे चेंडू सोडून फुकट बेस मिळवला). दोन आउट, बेस भरलेले. सोटोने उजवीकडे हिट मारला, राइट फील्डरच्या ग्लोव्हखालून चेंडू मागे गेला आणि तिन्ही धावपटू घरी आले. 4-3. तुम्ही नशिबाचं विचारलंत, तर हे नशीब आहेच. तो चेंडू नीट अडला असता तर बहुधा बरोबरीच झाली असती. मी ते नाकारत नाही. पण रेन्डनने हेडरविरुद्ध घेतलेला वॉक नशिबाचा नव्हता. त्या परिस्थितीत बॅट खांद्यावर ठेवून चेंडू सोडणं ही कारागिरी आहे.

पुढे लॉस एंजेलिस डॉजर्स, 106 सामने जिंकलेला संघ. पाच सामन्यांची मालिका. दुसऱ्या सामन्यात स्ट्रासबर्गने सुरुवात केली आणि आठव्या इनिंगला शर्झर आला, तीन फलंदाज, तिन्ही स्ट्राइकआउट. हीच युक्ती तिसऱ्या सामन्यात सपशेल फसली, हेही सांगायला हवं. सांचेझनंतर कॉर्बिन आला, नॅशनल्स 2-1 पुढे होते, आणि त्या एका इनिंगमध्ये कॉर्बिनने सहा रन दिले. सामना 4-10 असा गेला. बहुतेक कोच तिथे घाबरून जुन्या पद्धतीकडे वळले असते. मार्टिनेझ वळला नाही. कॉर्बिनचं नाव लक्षात ठेवा, तो परत येणार आहे.

चौथा सामना शर्झरने सात इनिंग टाकून आणि झिमरमनने तीन रनांचा होमरन मारून वाचवला. पाचवा 9 ऑक्टोबरला लॉस एंजेलिसमध्ये. आठव्या इनिंगला नॅशनल्स 1-3 मागे. समोर पिचर क्लेटन कर्शॉ. रेन्डनचा होमरन, आणि पुढच्याच चेंडूवर सोटोचा होमरन. दोन चेंडू, 3-3. दहाव्या इनिंगमध्ये बेस भरलेले असताना 36 वर्षांच्या हावी केन्ड्रिकने मधल्या भिंतीपलीकडे ग्रँड स्लॅम (चार रनांचा होमरन) मारला. 7-3. याच केन्ड्रिकचा आदल्या वर्षी मे महिन्यात टाचेचा स्नायुबंध तुटला होता आणि हंगाम बुडाला होता. या मालिकेत क्षेत्ररक्षणात त्याच्या हातून चुकाही झाल्या होत्या. तरी बेस भरलेले असताना तोच उभा होता.

वॉशिंग्टनकरांसाठी ही मालिका जिंकणं काय होतं ते समजायला थोडं मागे जावं लागेल. 2005 मध्ये माँट्रियलचा एक्स्पोज संघ वॉशिंग्टनला आला आणि नॅशनल्स झाला. 2012, 2014, 2016 आणि 2017, चार वेळा ते याच टप्प्यावर हरले होते. 2012 चा पराभव सर्वांत जिव्हारी लागणारा. स्ट्रासबर्गच्या कोपरावर 2010 मध्ये शस्त्रक्रिया झालेली, म्हणून 2012 मध्ये संघाने त्याला 159⅓ इनिंगनंतर थांबवलं. प्लेऑफला तो बाहेर बसला, आणि सेंट लुईस कार्डिनल्सविरुद्ध निर्णायक सामन्यात 6-0 अशी आघाडी घेऊन संघ 7-9 हरला. नवव्या इनिंगमध्ये दोन रनांची आघाडी होती, ती गेली. लोक सात वर्षं वाद घालत राहिले की त्याला थांबवायला नको होतं. मी स्वतः त्या वेळी संघाच्या बाजूने होतो आणि आजही आहे. चोवीस वर्षांच्या पोराच्या हातापेक्षा एक करंडक मोठा नाही.

2019 मध्ये पुढच्या फेरीत सेंट लुईसशीच गाठ पडली. ही मालिका लवकर आटोपतो, कारण ती एकतर्फी झाली. पहिल्या सामन्यात सांचेझने आठव्या इनिंगमध्ये दोन आउट होईपर्यंत एकही हिट दिला नाही. दुसऱ्यात शर्झरने सातव्या इनिंगपर्यंत दिला नाही. तिसऱ्यात स्ट्रासबर्गने बारा स्ट्राइकआउट केले. चौथ्यात नॅशनल्सनी पहिल्याच इनिंगमध्ये सात रन काढले. चार सामन्यांत कार्डिनल्सचे मिळून रन सहा. पहिल्या सामन्याला हडसन नव्हता, त्याच्या घरी बाळ जन्माला आलं होतं आणि तो बायकोजवळ होता. काहींनी टीका केली, संघ त्याच्या पाठीशी राहिला. मला ते फार आवडलं.

मग 22 ऑक्टोबरपासून वर्ल्ड सिरीज, ह्यूस्टन अॅस्ट्रोजविरुद्ध. 107 विजय. पहिल्या दोन सामन्यांत समोर त्यांचे पिचर गेरिट कोल आणि जस्टिन व्हर्लँडर. कोल मे महिन्यापासून एकही सामना हरला नव्हता. सोटोने त्याला होमरन आणि दुहेरी हिट मारला, झिमरमनने संघाच्या इतिहासातला वर्ल्ड सिरीजमधला पहिला होमरन मारला. 2005 मध्ये संघाने निवडलेला पहिला खेळाडू तोच. 5-4. दुसरा सामना 12-3.

मग घरी आले आणि तीन सामन्यांत प्रत्येकी एकच रन. 1-4, 1-8, 1-7. त्या वर्षी दिवाळी त्याच दिवसांत होती. आपल्याकडे सामने पहाटे साडेपाचच्या सुमारास सुरू व्हायचे. नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नान उरकून मी चौथा सामना बघायला बसलो, तो 1-8 असा गेला. पाडव्याच्या पहाटे पाचवा. त्या दिवशी शर्झरची पाळी होती, पण मान अशी धरली की त्याला अंथरुणातून उठता येईना, कपडे घालायला बायकोची मदत लागली. ऐनवेळी जो रॉसला उतरवलं. हरले. मी पोरांना म्हणालो, संपलं आता. माझा अंदाज चुकला.

ह्यूस्टनला परतल्यावर सहाव्या सामन्यात स्ट्रासबर्गला पहिल्याच इनिंगमध्ये दोन रन पडले. तिथे मेनहार्टने एक गोष्ट पकडली: ग्लोव्हमध्ये चेंडूची पकड बदलताना स्ट्रासबर्गच्या हालचालीवरून कुठला चेंडू येणार हे समोरच्यांना कळतंय. त्याने सांगितलं, प्रत्येक चेंडूआधी ग्लोव्ह हलवत राहा. पुढे स्ट्रासबर्गने 8⅓ इनिंगपर्यंत टाकलं आणि आणखी एकही रन दिला नाही. पिचिंग कोच कशासाठी असतो असं मला कुणी विचारलं तर मी ही एक गोष्ट सांगतो. फुटणाऱ्या इशाऱ्यांबद्दल नॅशनल्स आधीपासून सावध होते. कुठला चेंडू टाकायचा हे कॅचर पिचरला ज्या खुणांनी सांगतो, त्यांचे अनेक संच त्यांनी तयार करून ठेवले होते आणि ते सामन्यात बदलत होते.

त्याच सामन्यात टर्नरला धावमार्गातल्या अडथळ्याबद्दल आउट दिलं. मार्टिनेझ इतका संतापला की त्याला मैदानाबाहेर काढलं. हृदयाच्या तपासणीला दीड महिनाही झाला नव्हता. संघ त्या निर्णयाने खचू शकला असता. रेन्डनने त्याच इनिंगमध्ये दोन रनांचा होमरन मारला. 7-2.

30 ऑक्टोबर, सातवा सामना. आपल्याकडे 31 ची पहाट. तीन दिवसांपूर्वी मान न हलणारा शर्झर इंजेक्शन घेऊन उतरला. पाच इनिंग, सात हिट, चार वॉक, सतत बेसवर कुणी ना कुणी, आणि रन फक्त दोन. त्या दिवशी त्याच्याकडे त्याचा नेहमीचा चेंडू नव्हता. तरी तो प्रत्येक इनिंगमध्ये कसाबसा बाहेर पडला. समोर झॅक ग्रिन्की मात्र अप्रतिम, सहा इनिंगमध्ये नॅशनल्सना जवळजवळ काहीच मिळालं नव्हतं. 0-2.

आणि सहाव्या इनिंगला नॅशनल्सच्या बुलपेनमधून आला पॅट्रिक कॉर्बिन. तोच, ज्याने तीन आठवड्यांपूर्वी एका इनिंगमध्ये सहा रन दिले होते. तीन इनिंग, दोन हिट, रन शून्य. माझ्या मते वर्ल्ड सिरीज तिथे जिंकली गेली. सातव्यात रेन्डनने ग्रिन्कीला होमरन मारला, सोटोने वॉक घेतला, आणि अॅस्ट्रोजच्या मॅनेजरने ग्रिन्कीला काढलं. चेंडू फक्त 80 झाले होते. विल हॅरिस आला. त्याने केन्ड्रिकला बाहेरच्या कोपऱ्यात, खाली, अगदी योग्य जागी चेंडू टाकला. केन्ड्रिकने तो उजवीकडे उचलला आणि चेंडू फाउल पोलच्या (सीमेवरच्या खांबाच्या) जाळीवर जाऊन आदळला, म्हणजे होमरन. टाकणाऱ्याची चूक नव्हती. काही वेळा समोरचा फक्त जास्त चांगला ठरतो. 3-2. पुढे आणखी तीन रन झाले. नवव्यात हडसनने शेवटच्या फलंदाजाला स्ट्राइकआउट केलं आणि ग्लोव्ह हवेत फेकला. 6-2.

सातही सामने पाहुण्या संघाने जिंकले, असं आधी कधीच झालं नव्हतं. हरलो तर घरी जायचं असे पाच सामने नॅशनल्स त्या महिन्यात खेळले, पाचही वेळा कधी ना कधी मागे पडले, आणि पाचही जिंकले. वॉशिंग्टन शहराला वर्ल्ड सिरीज मिळाली ती 1924 नंतर प्रथमच. स्ट्रासबर्ग सर्वोत्तम खेळाडू ठरला, त्या ऑक्टोबरमध्ये पाच विजय, पराभव नाही.

आता तुम्हाला जी गोष्ट कुणी सांगत नाही ती सांगतो. त्या हंगामानंतर स्ट्रासबर्गशी संघाने सात वर्षांचा मोठा करार केला, आणि त्यानंतर तो मेजर लीगमध्ये फक्त आठ सामने सुरू करू शकला. दुखापतींनी त्याची कारकीर्द संपली. कॉर्बिनही परत कधी त्या उंचीवर गेला नाही. एका महिन्यातल्या जादा इनिंगमुळेच हे झालं असं मी म्हणणार नाही, शरीर इतकं सरळ नसतं. पण तुमच्या मुलीच्या कोचने ही गोष्ट वाचून एकाच पिचरला लागोपाठ तीन दिवस उतरवू नये, म्हणून लिहितोय. सॉफ्टबॉलमध्ये हात खालून फिरतो म्हणून खांद्याला काही होत नाही, हा समज आपल्याकडे घट्ट आहे आणि तो चुकीचा आहे. त्या मोठ्या माणसांनी ते एका महिन्यासाठी, डॉक्टर आणि फिजिओच्या देखरेखीखाली केलं. एकोणीस वर्षांच्या मुलीवर ते लादू नका.

तिच्या संघाने घ्यायचं ते वेगळं आहे. हरलेल्या सामन्यांची स्कोअरशीट काढा. किती हरलो हे बघू नका, कुठल्या इनिंगमध्ये हरलो ते बघा. सात इनिंगच्या खेळात पहिल्या चारमध्ये किती रन गेले आणि शेवटच्या तीनमध्ये किती, हे दोन रकान्यांत मांडा. शेवटच्या तीनमध्ये जास्त जात असतील तर दुसरी पिचर तयार करायची आहे, आणि ती पाचव्या इनिंगला घाबरत नाही ना हे सरावात बघायचं आहे. फलंदाजीत वॉक किती घेतले तेही मोजा. सोटोने त्या हंगामात 108 वॉक घेतले होते आणि चेंडू सोडल्यावर तो पिचरच्या डोळ्यांत बघून पाय घासायचा, जणू चेंडू सोडणं हाच फटका आहे. मुली हे लवकर शिकतात, मुलांपेक्षा लवकर, हा माझा अनुभव. आणि आठ-दहा सामन्यांचे ते दोन रकाने भरून झाले की मला पाठवा. तिसऱ्या रकान्यात कोण पिचिंग करत होतं आणि तोवर तिचे किती चेंडू झाले होते ते लिहा, म्हणजे पुढचं बोलता येईल.